मोहरी चढते तेव्हा

मे महिन्यात आमच्या दादरच्या घरी कैरीच्या लोणच्यासाठी मोहरी फेसतात. जरा वेळ घोटली की ती नाकात चढते, डोळ्यांत पाणी येतं. अख्ख्या दाण्याला ही झण नसते. दाणा चिरडून ओला झाला की त्यातलं एक विकर (एन्झाइम) जागं होतं आणि आयसोथायोसायनेट तयार होतं. किड्यांना दूर ठेवण्याचं हे रोपाचं हत्यार. आपल्या पेशींना मात्र ते परकं रसायन.

त्याची चाहूल पेशीला लागते कशी? पेशीत एनआरएफ-२ नावाचं रक्षक प्रथिन सतत बनतं आणि लगेच मोडलंही जातं. वीसेक मिनिटांत निम्मं संपतं! त्याला धरून मोडीत काढायला लावतं कीप-१ हे दुसरं प्रथिन; जपानच्या मासायुकी यामामोतो यांच्या गटाने ते १९९९ मध्ये शोधलं. वरवर ही उधळपट्टी वाटते, पण मला तरी यासारखी शहाणी योजना दुसरी दिसत नाही. संकट आलं की फक्त मोडणं थांबवायचं, रक्षक आपोआप साठतो.

आणि ते थांबवतं खुद्द परकं रसायन. कीप-१ वर सिस्टीन या अमिनो आम्लाचे गंधकवाले भाग असतात. आयसोथायोसायनेट त्यांना चिकटलं की कीप-१ चं काम अडतं. (नाकातली झणही अशीच येते: चेतापेशींवरच्या एका प्रथिनातल्या सिस्टीनला हेच रसायन चिकटतं.) मोकळं एनआरएफ-२ केंद्रकात शिरतं, मॅफ नावाच्या छोट्या प्रथिनाशी जोडी जमवतं आणि डीएनएवरच्या ठरावीक अक्षरांवर बसतं. मग एकाच वेळी कितीतरी जनुकं चालू होतात. काहींतून ग्लुटाथायोन हा विषाला निकामी करणारा छोटा रेणू बनवणारी विकरं येतात, काहींतून तेच ग्लुटाथायोन विषाला जोडून त्याला बाहेरच्या वाटेला लावणारी.

सायनच्या सिग्नलला जुन्या ट्रकमागे अडकलो की मला हीच यंत्रणा आठवते. डिझेलच्या धुरातली क्विनोन रसायनंही कीप-१ लाच जाऊन भिडतात. पण तो धूर रोजचा, आणि विकरांच्या बळालाही मर्यादा आहे.

हे बटण कायम चालू ठेवावं असं कुणाला वाटेल. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत तसंच होतं. तिथे कीप-१ चं जनुक बिघडलेलं असतं, एनआरएफ-२ ला आवरणारं कुणी उरत नाही, आणि तीच विकरं गाठीला औषधांपासून वाचवत राहतात.