ना धड डिजिटल, ना निव्वळ ॲनालॉग

कोल्हापुरात ‘एको’ म्हणजे काय, हे कुणाला शिकवावं लागत नाही. गणपतीतला ऑर्केस्ट्रा असो नाहीतर गल्लीतलं भजन, निवेदकाचं ‘नमस्कार मंडळी... मंडळी... मंडळी’ प्रत्येकाच्या कानात बसलेलं असतं. त्यामुळे नवं ॲनालॉग डिले पेडल, म्हणजे आवाज थोड्या वेळानं परत ऐकवणारी पायाशी ठेवायची डबी, गिटारला जोडलं, तेव्हा राजारामपुरीतल्या साऊंडवाल्या मित्रानं पहिलाच प्रश्न टाकला, “आमच्या मिक्सरवर एको हायच की. मग ह्या डबीत एवढं पैसं कशाला घातलंस, भावा?” प्रश्न रास्त आहे. पेडलवर मोठ्या अक्षरांत ‘ॲनालॉग’ छापलंय, एवढं उत्तर काही त्याला पुरणारं नव्हतं.

डिलेचं काम ऐकायला सोपं: आलेला आवाज थोडा वेळ धरून ठेवायचा आणि मग सोडायचा. निसर्गात हे काम हवा करते. नववीच्या पुस्तकातलं गणित आठवा. २२ अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर, आणि प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला निदान ०.१ सेकंद जावा लागतो. म्हणून भिंत किमान १७.२ मीटरवर हवी. माझ्या पेडलवर आवाज जास्तीत जास्त ३०० मिलिसेकंद थांबवता येतो. पन्हाळ्याच्या तटासमोर साधारण ५२ मीटरवर उभं राहून हाक मारली, तर ती परत यायला तेवढाच वेळ लागेल. जाऊन-येऊन शंभर मीटरहून जास्त हवा झाली. ती तळहातावर मावणाऱ्या डबीत कशी बसवायची?

पूर्वी यासाठी टेप वापरायचे. एका हेडनं आवाज टेपवर घ्यायचा, पुढच्या हेडनं वाचायचा. मधल्या अंतराला लागणारा वेळ म्हणजे डिले. रोलँडचं १९७४ चं ‘स्पेस एको’ याच जातीचं. आवाज सुरेख, पण टेप झिजते, आणि असलं यंत्र कार्यक्रमागणिक उचलून न्यायचं म्हणजे पाठीची परीक्षा.

तोवर दुसरी वाट सापडलेली होती. १९६९ मध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीर या दोघांनी ‘बकेट ब्रिगेड’ नावाचं सर्किट मांडलं. स्लॅब टाकताना माणसांची रांग लागते आणि काँक्रीटची घमेली हातोहात वर जातात, तसंच हे. चिपमध्ये छोट्या छोट्या कपॅसिटरांची, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या भागांची, रांग असते. आवाजाच्या त्या क्षणीच्या व्होल्टेजइतका विद्युतभार पहिल्यात भरायचा, क्लॉकचा (म्हणजे एका लयीत ठोके देणाऱ्या सर्किटाचा) ठोका पडला की तो दुसऱ्यात, पुढच्या ठोक्याला तिसऱ्यात. शेवटच्या कपॅसिटरातून बाहेर पडेपर्यंत जो वेळ गेला, तो डिले.

पेडलचं मागचं झाकण काढलं तर चिपवर ३२०५ हा आकडा दिसतो. या चिपमध्ये ४,०९६ कपॅसिटर एका रांगेत आहेत. (शेजारी स्क्रूड्रायव्हरनं फिरवायचे बारीक ट्रिमपॉट असतात. त्यातल्या एकावर चिपचा बायस, म्हणजे तिला लागणारं आधाराचं व्होल्टेज, लावलेला असतो. तो उगाच फिरवू नये. आवाज फाटतो आणि मूळ जागा पुन्हा शोधत बसावं लागतं.) आता स्लॅबच्या रांगेत एक गोष्ट नीट बघा. ज्याच्या हातात भरलेलं घमेलं आहे, त्याला दुसरं घेता येत नाही. पुढच्याचे हात मोकळे असावे लागतात. म्हणजे कुठल्याही क्षणी रांगेतले निम्मेच हात भरलेले. चिपमध्येही तेच घडतं. ४,०९६ जागा असल्या, तरी आवाजाचे नमुने, म्हणजे एकेका क्षणाचे व्होल्टेज, मावतात फक्त २,०४८. म्हणून डिलेच्या सूत्रात भागाकाराला दोन येतो: एकूण जागा भागिले क्लॉकच्या वेगाची दुप्पट.

या सूत्रात ३०० मिलिसेकंद घालून बघा. क्लॉक येतो सेकंदाला सुमारे ६,८०० ठोक्यांचा. म्हणजे सेकंदाला आवाजाचे ६,८०० नमुने. सीडीवर हाच आकडा ४४,१०० असतो. नमुन्यांच्या वेगाच्या निम्म्याहून वरची कंप्रता पकडता येत नाही, हा नियम इथंही सुटत नाही. ३,४०० हर्ट्झच्या वरचं काही चिपमध्ये शिरलं, तर ते भलत्याच सुरात बाहेर येतं. म्हणून चिपच्या आधी फिल्टर लावून वरचा भाग कापतात, आणि नंतर आणखी एक फिल्टर लावून पायऱ्या-पायऱ्यांची झालेली लहर गुळगुळीत करतात. जुन्या लँडलाइन फोनची वरची हद्दही साधारण ३,४०० हर्ट्झच होती. गिटारच्या सगळ्यात बारीक तारेवर बाराव्या पडद्याचा (फ्रेटचा) सूर ६५९ हर्ट्झचा, तेव्हा मूळ सूर आरामात पार होतो. कापली जाते ती त्याच्या वरच्या उपस्वरांची (हार्मॉनिक्सची) चकाकी. ॲनालॉग डिलेच्या ज्या ‘ऊबदार’ आवाजाचं गिटारवाले कौतुक करतात, त्यातला मोठा वाटा या काटछाटीचा आहे.

माझ्या मते इथंच ‘ॲनालॉग’ या बिरुदाचा थोडा हिशेब करायला हवा. या डबीत काळाचे तुकडे पडतात, अगदी डिजिटलसारखे. पडत नाहीत ते व्होल्टेजचे. विद्युतभाराचा आकडा कुठंच मांडला जात नाही. जेवढा आला तेवढा, थोडी सांडलवंड होत, पुढं जातो.

नॉब तीनच: डिले, रिपीट, मिक्स. मिनिटाला २०० मात्रांच्या वेगात केरवा लावला की ३०० मिलिसेकंद म्हणजे बरोब्बर एक मात्रा. तार छेडली की पुढच्या मात्रेवर तोच सूर मऊ होऊन येतो. रिपीट वाढवला की बाहेर पडलेला आवाज पुन्हा रांगेच्या तोंडाशी जातो, फिल्टरांतून दुसऱ्यांदा गाळला जातो, म्हणून प्रत्येक आवर्तन आधीच्याहून मंद, धूसर. रिपीट आणखी पुढं नेला आणि परत जाणारा आवाज आलेल्यापेक्षा मोठा झाला, की पेडल स्वतःच ओरडायला लागतं. मांडवात माईक स्पीकरसमोर गेला की शिट्टी मारतो, त्यामागचं कारणही हेच.

खरी गंमत डिलेच्या नॉबमध्ये आहे. आवर्तनं चालू असताना तो ३०० वरून झटकन १५० वर आणला, तर क्लॉक दुप्पट होतो. रांगेत आधीच भरलेले नमुने सावकाश आत गेले होते, आता दुप्पट वेगानं बाहेर येतात. सा एकदम तार सा होतो. हळू फिरवला तर मींड घेतल्यासारखा सूर सरकतो. नाद खुळा प्रकार! उलट, नॉब ३०० च्या टोकाला असताना खोली शांत असेल, तर मागं एक बारीक ‘सीऽऽ’ ऐकू येते. क्लॉकची ६,८०० हर्ट्झची कुजबुज फिल्टरातून किंचित झिरपते ती.

चिपचा स्वतःचा खरखराटही कमी नसतो. त्यावर कंपँडर नावाचा तोडगा असतो: आत जाताना आवाजाची डेसिबलमधली चढउतार निम्मी करायची, बाहेर येताना पुन्हा दुप्पट. हळू आवाज आत जाताना उचलला जातो, बाहेर पडताना खाली दाबला जातो, आणि त्याच्याबरोबर खरखरही दबते.

आता मित्राचा प्रश्न. लहान मिक्सर-ॲम्प्लिफायरमधल्या एको बोर्डावर सर्रास पीटी २३९९ ही तैवानी चिप असते. ती आवाजाचे बिट (शून्य-एकचे आकडे) बनवून ४४ किलोबिटांच्या मेमरीत ठेवते. म्हणजे आतून ती डिजिटल. निवेदकाला तेवढं पुरतं. गोची अशी की स्वस्त पेडलांतही हीच चिप असते आणि डबीवर मात्र ‘ॲनालॉग’ लिहिलेलं असतं. दुकानात नॉब फिरवून सूर सरकतो का, हे बघून फरक कळत नाही, कारण २३९९ चा डिलेही क्लॉकवरच चालतो आणि तिथंही सूर सरकतो. झाकण उघडू दिलं तर चिपवरचा आकडा वाचावा. ३२०५, ३२०७ किंवा ३२०८ असेल तर बकेट ब्रिगेड. आकडा खरवडून काढलेला असेल, तर किमतीत घासाघीस करायला हरकत नाही.