सायकलची चेन जितकी तेलकट, तितकी चांगली?

"चेन वाजली की तेल ओत," हे कोल्हापुरात आपण लहानपणापासून ऐकतोय. ते चुकीचं आहे. तेल लागतं आत, रोलर (चेनच्या कडीतली फिरणारी नळी) आणि त्यातून जाणाऱ्या पिनेच्या मधे. बाहेर चकचकणारं तेल फक्त धूळ धरतं. आठवडाभर रंकाळ्याला फेऱ्या मारा आणि चेन दोन बोटांत चोळून बघा: काळा, कचकचणारा लगदा! तोच पॉलिश पेपरसारखा चेन आणि फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या चक्राचे, दाते खातो.

आधी चेन फडक्यानं पुसा. प्रत्येक रोलरवर एकच थेंब सोडा, पायडल उलटं फिरवा, जरा थांबा, मग बाहेरचं तेल पुसून काढा. पुसताना हात आखडू नका. पन्हाळ्याच्या चढाला फरक कानाला कळतो.

झीज पट्टीनं मोजा. नव्या चेनची एका पिनेपासून पुढची 24वी पिन बरोबर 12 इंचांवर येते. चेन झिजून लांबली आणि ही पिन 1/16 इंच पुढं सरकली की चेन बदला.