कामाच्या ठिकाणची लससक्ती आणि खासगी आयुष्याचा हक्क : ग्रामीण विदर्भ

लस घेतल्याशिवाय कामावर घेणार नाही, मजुरी किंवा पगार देणार नाही, अशी अट मालकाने, ठेकेदाराने किंवा सरकारी कार्यालयाने घालणे म्हणजे कामाच्या ठिकाणची लससक्ती. अशी अट माणसाच्या शरीराला हात घालते आणि त्याच्या दुखण्याखुपण्याच्या माहितीलाही. कोविडची लस भारतभर कायद्याने सक्तीची कधीच नव्हती. १६ जानेवारी २०२१ रोजी मोहीम सुरू झाली तेव्हापासून ती ऐच्छिक आहे, हीच केंद्र सरकारची भूमिका राहिली. एप्रिल २०२१ पासून कामाच्या ठिकाणी लसीकरणाला परवानगी मिळाली, तीही साधारण शंभर पात्र आणि इच्छुक व्यक्ती असतील तिथे. तरीही त्याच वर्षाच्या उत्तरार्धात मजुरांना आणि कर्मचाऱ्यांना सक्ती भेटली, ती हजेरीपटावर. विदर्भाच्या खेड्यांत हा विषय समजून घ्यायचा तर कोर्टाच्या निकालांबरोबर हजेरीपटही वाचावा लागतो.

कायद्याची बाजू. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने के. एस. पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने निकाल दिला की खासगीपणा हा संविधानाच्या अनुच्छेद २१ खालचा मूलभूत हक्क आहे. या पीठात नागपूरचे शरद बोबडे होते. या हक्कावर बंधन घालायचे असेल तर त्यामागे कायदा हवा, रास्त गरज हवी आणि बंधन गरजेच्या प्रमाणात हवे, अशा तीन कसोट्या तिथे ठरल्या. २ मे २०२२ रोजी जेकब पुलियेल प्रकरणात लससक्तीला याच कसोट्या लावल्या गेल्या. न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव आणि अमरावतीचे भूषण गवई यांच्या पीठाने सांगितले की कोणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही. साथ आटोक्यात ठेवण्यासाठी सरकार काही निर्बंध घालू शकते, पण संसर्ग कमी असताना लस न घेतलेल्यांवरचे तेव्हाचे निर्बंध प्रमाणात बसत नाहीत आणि ते मागे घ्यावेत, असे मत न्यायालयाने दिले. खासगी संस्थांच्या अटींचाही त्यात उल्लेख होता. त्याच निकालाने सरकारचे लसीकरण धोरण मात्र रास्त ठरवले. ही दुसरी बाजू सांगताना पुष्कळदा गाळली जाते.

मजुरांच्या दृष्टीने उच्च न्यायालयांचे त्याआधीचे निकाल अधिक जवळचे आहेत. मेघालयात दुकानदार आणि टॅक्सीचालकांना व्यवसाय सुरू ठेवण्यासाठी लस बंधनकारक केली होती. तिथल्या उच्च न्यायालयाने २३ जून २०२१ रोजी अशी जबरदस्ती बेकायदा ठरवली. मणिपूरमधल्या आदेशात तर रोजगार हमीच्या जॉबकार्डधारकांचाही समावेश होता. लस घेतली नाही म्हणून पोट भरण्याचा मार्ग अडवता येणार नाही, असे म्हणत तिथल्या उच्च न्यायालयाने जुलैमध्ये त्या आदेशाला स्थगिती दिली.

मूलभूत हक्क सरकारविरुद्ध मागायचे असतात, मग खासगी मालकाविरुद्ध काय, हा पेच बराच काळ होता. ३ जानेवारी २०२३ रोजी कौशल किशोर प्रकरणात घटनापीठाने बहुमताने ठरवले की अनुच्छेद १९ आणि २१ खालचे हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही मागता येतात. कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या हमालाने त्यासाठी नागपूर खंडपीठात जावे, ही अपेक्षा अवास्तव आहे. पण दार उघडले आहे, एवढे नोंदवायला हवे.

युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने युरोपीय मानवी हक्क करारातील अनुच्छेद ८, म्हणजे खासगी व कौटुंबिक जीवनाचा आदर, याखाली वेगळा तोल धरला. एप्रिल २०२१ मध्ये चेक प्रजासत्ताकातली बालकांच्या लसीची सक्ती त्याने मान्य केली. ऑगस्ट २०२४ मध्ये सॅन मरिनोच्या आरोग्य कर्मचाऱ्यांवरील कारवाईतही हक्कभंग झाला नाही असे ठरवले. तिथे बंधन तात्पुरते होते आणि रुग्णांच्या संपर्कात येणाऱ्यांपुरते होते.

विदर्भात. महाराष्ट्र शासनाच्या २७ नोव्हेंबर २०२१ च्या आदेशाने दुकाने, आस्थापना आणि सार्वजनिक वाहतुकीसाठी पूर्ण लसीकरणाची अट घातली. त्याच महिन्यात, पहिली मात्रा निम्म्यांहून कमी लोकांनी घेतलेल्या देशातल्या जिल्ह्यांच्या यादीत बुलढाणा आणि अकोला होते. नोव्हेंबर म्हणजे कापूस वेचणीचा हंगाम. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. लसीनंतर एक-दोन दिवस ताप, कणकण, हात दुखणे हे नेहमीचे, आणि ते दोन दिवस म्हणजे शून्य किलो. भरपगारी रजा हा प्रकारच या कामात नाही. लस टाळणाऱ्या बाईला अडाणी ठरवणाऱ्यांनी बाजाराच्या दिवशी तिच्या हातात किती पैसे पडले असते, याचा हिशेब आधी करावा. त्या दोन दिवसांची मजुरी दिली असती, तर अनेक ठिकाणी सक्तीचा प्रश्नच उरला नसता.

भीतीलाही कारणे होती. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यात पोलिओच्या थेंबांऐवजी १२ बालकांना सॅनिटायझर पाजले गेले. मुले बरी झाली, पण गावोगाव ही गोष्ट पोचली, आणि कोविडची लस नेमकी त्याच दिवसांत येत होती. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे लोकांशी कोरकू या तिथल्या आदिवासी भाषेत बोलावे लागले. असे बोलणे सक्तीपेक्षा हळू चालते, पण टिकते, कारण पुढची लस घेऊन आशाताईला त्याच दारात उभे राहायचे असते.

तेंदूपत्त्याच्या, म्हणजे विडीच्या पानांच्या, फडावर (संकलन केंद्रावर) हा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा होतो. एप्रिल-मे महिन्यांत गडचिरोली-गोंदियाकडे पहाटे पाने तोडायची, दुपारी घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फडमुन्शीपुढे, म्हणजे फडावरच्या कारकुनापुढे, मोजून द्यायचे, असा क्रम असतो. मोजणी सर्वांसमक्ष होते. तिथे कोणी विचारले, ‘लस का नाही घेतली?’, तर उत्तर सगळा फड ऐकतो. २०२१ च्या हंगामात गरोदर बायकांना लस द्यायला परवानगी नव्हती. ती २ जुलैला मिळाली. म्हणजे दुसरा महिना असलेल्या बाईला खरे कारण सांगायचे तर घरच्यांना कळण्याआधी फडाला सांगावे लागले असते. सिकलसेलचेही तसेच. पूर्व विदर्भात हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आहे, आणि घरात सिकलसेल आहे हे बाहेर पडले तर मुलीची सोयरिक अडते. सिकलसेलच्या रुग्णांना तर कोविडची लस जास्तच गरजेची. तरी घ्यावी की नाही हे डॉक्टरशी बोलून ठरवायचे असते, मुकादमाशी नव्हे. गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा तेंदूचा व्यवहार स्वतः करतात. तिथे मालक परका नसतो हे चांगलेच, पण ओळखीच्या माणसांपुढे गुपित राखणे उलट अवघड जाते.

मोबाइलने आणखी एक भर घातली. लसनोंदणीच्या कोविन या सरकारी संकेतस्थळावर एका क्रमांकावर चार जणांची नोंदणी करता येई, जानेवारी २०२२ पासून सहा जणांची. ज्याच्याकडे फोन नाही त्याने शेजाऱ्याचा, रोजगार सेवकाचा किंवा मुकादमाचा क्रमांक दिला. प्रमाणपत्रासाठी लागणारा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. त्यामुळे मजुराच्या शरीराविषयीचा कागद मिळवण्याची किल्ली, ज्याच्याकडे तो काम मागायला जातो त्याच्याच खिशात राहिली. डिजिटल नोंदणीच्या आग्रहामुळे ग्रामीण माणूस वंचित राहतो, ही चिंता सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ रोजीच व्यक्त केली होती.

सक्ती कुठे रास्त. देवीचा रोग लसीनेच संपला, आणि लस न घेण्याचा भार बहुधा दुसऱ्याच्या म्हाताऱ्या आईबापावर पडतो, हे विसरून हक्काची भाषा बोलणे अप्रामाणिक होईल. प्राथमिक आरोग्य केंद्रातली परिचारिका किंवा नवजात बालकांच्या कक्षातला कर्मचारी यांच्याकडून लसीची अपेक्षा धरणे प्रमाणात बसते. उघड्या रानात एकेका ओळीला लागून कापूस वेचणाऱ्यांना तीच अट लावणे बसत नाही. कोळशाची भूमिगत खाण, जिनिंग, राइस मिल अशी बंदिस्त ठिकाणे या दोहोंच्या मधली. तिथे आधी हवा खेळती ठेवणे, पाळ्या वेगळ्या करणे हे उपाय करायला हवेत. दवाखान्यांतल्या कंत्राटी सफाई कामगाराच्या बाबतीत तर प्रश्न उलटा आहे. सुईचा कचरा तो उचलतो. हिपॅटायटिस-बीच्या तीन मात्रा फुकट मिळणे हा त्याचा हक्क मानला पाहिजे.

माहितीचे काय. डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये मंजूर झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. नोकरीशी संबंधित कारणांसाठी संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा मालकाला त्यात आहे, आणि मजुराच्या दृष्टीने ही मोठी पळवाट ठरू शकते. काम झाल्यावर माहिती पुसून टाकण्याचे बंधनही त्यात आहे, पण ते डिजिटल माहितीपुरते. हजेरीपटाला टाचलेली प्रमाणपत्राची झेरॉक्स या कायद्याच्या कक्षेत येत नाही. तिचा फोटो काढून मुकादमाने मालकाला पाठवला, तर तो येतो.