पहिल्यांदा काउन्सेलिंगला येऊन राहिले? मग हे वाचून घ्या

पहिल्या फोनवर लोक जे विचारतात ना ते जवळपास सारखंच असतं, फी किती, किती वेळा यावं लागेल, आणि मग आवाज एकदम खाली करून "मॅडम, कोणाला कळणार तर नाही ना?" म्हणून म्हटलं एकदाच नीट लिहून ठेवू. हे पान घरी न्या, आरामात वाचा, गादीखाली लपवून ठेवायचं असेल तर तसंही ठेवा.

आधी पागलखान्याचा विषय मिटवून टाकू. नागपूरच्या पोराने लहानपणी जास्तच मस्ती केली की "तुला पागलखान्यात टाकून येतो" हे ऐकलेलंच असतं. ऑटोवाल्याला प्रादेशिक मनोरुग्णालय म्हटलं तर तो दोनदा विचारेल, पागलखाना चौक म्हटलं की लगेच मान हलवतो. त्यामुळे आमच्या जिन्यावर पाय ठेवताना तोच चौक डोक्यात येतो, समजतं आम्हाला. पण आमच्याकडे येणारे बहुतेक लोक ऑफिसला जातात, डबे भरतात, पोरांना ट्युशनला सोडतात आणि रात्री दोन वाजता पंख्याकडे बघत पडलेले असतात, एवढंच. (आणि कोणी मनोरुग्णालयात उपचार घेतले असतील तर त्यातही लाजण्यासारखं काही नाही, बरं का.)

आम्ही कोण, आणि कोण नाही

आम्ही दोघी काउन्सेलर आहोत, दोघींचं एमए सायकॉलॉजी झालंय. आम्ही डॉक्टर नाही, म्हणजे गोळ्या लिहून देत नाही, ते सायकियाट्रिस्टचं काम. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा अजून वेगळा, त्याला आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, ही केंद्र सरकारची संस्था) नोंदणी लागते. काउन्सेलर अशी पाटी मात्र आजकाल कोणीही लावून राहिलंय, त्यामुळे कुठेही जा, शिक्षण काय झालं ते तोंडावर विचारा. आमच्या डिग्र्या वेटिंग रूममध्ये फ्रेम करून लावल्या आहेत, बिनधास्त उभं राहून वाचा.

गोळ्या चालू असतील तर आमच्याकडे यायला लागलो म्हणून त्या बंद करू नका. झोप नाही, थकवा, चिडचिड, हे कधीकधी थायरॉइड किंवा बी-12 कमी असल्यामुळेही होतं, म्हणून बरेचदा आम्हीच आधी फॅमिली डॉक्टरकडे जाऊन रक्त तपासून या म्हणतो. तेव्हा "हे तर आम्हाला परत पाठवून राहिले" असं वाटून घेऊ नका.

पहिल्या दिवशी काय होतं

एक फॉर्म भरायचा, त्यात घरच्या एका माणसाचा नंबर लागतो, तो फक्त इमर्जन्सीसाठी. मग नऊ प्रश्नांचा एक कागद, गेल्या दोन आठवड्यात झोप, भूक, मन लागणं कसं होतं यावर, प्रत्येकाला 0 ते 3 मार्क, म्हणजे जास्तीत जास्त 27. ते रोगाचं सर्टिफिकेट नाही, दोन महिन्यांनी परत भरलं की फरक दिसतो म्हणून घेतो.

मग गप्पा. त्रास कधीपासून, घरात कोण कोण, आधी कुठे दाखवलं का, दारू किती, दिवसाला खर्र्याच्या (म्हणजे तंबाखू-सुपारीच्या) किती पन्न्या. खर्र्यावर लेक्चर देणार नाही, पण खरं सांगा. आणि एक प्रश्न सगळ्यांनाच विचारतो, मरून जावंसं वाटतं का, स्वतःला काही करून घ्यायचे विचार येतात का. दचकू नका, असं विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट बऱ्याच जणांना कोणीतरी सरळ विचारलं याचंच हलकं वाटतं.

इथे एखाद्या क्लायंटचा किस्सा टाकला असता तर पान मस्त झालं असतं, पण मग पुढे गुप्ततेवर बोलायला आम्हाला तोंड राहिलं नसतं. म्हणून स्वतःचाच सांगते. शिकत असताना मी पहिल्यांदा क्लायंट म्हणून गेले तेव्हा पहिली वीस मिनिटं गाडी कुठे लावली, ती कोणी उचलून तर नेणार नाही ना, यावरच बोलले. समोरच्या बाई शांतपणे ऐकत होत्या आणि मला वाटलं, पैसे पाण्यात गेले. तिसऱ्या वेळी बाबांचा विषय निघाला तेव्हा कुठे रडू आलं. तर पहिल्या सेशनमध्ये काहीच "निघालं" नाही तरी ते वाया गेलं असं समजू नका. कधीकधी त्या दिवशी उलट जास्तच जड वाटतं, लगेच कुठे लग्नाला वगैरे जायचा प्लॅन ठेवू नका.

सल्ला मिळेल का? म्हणजे "घटस्फोट घ्या" किंवा "सासूबाईंना असं सुनवा" असला नाही मिळणार. त्यासाठी मावश्या-आत्या आहेतच. आम्ही प्रश्न विचारू, थोडा घरचा अभ्यासही देऊ. उदाहरणार्थ एक वही, तिच्यात काय झालं, डोक्यात काय आलं, अंगात काय झालं, आणि नंतर खरं काय निघालं असे चार रकाने. "साहेबांनी फोन उचलला नाही / नोकरी गेली / पोटात गोळा / साहेब गाडी चालवत होते." अशा दहा-बारा ओळी झाल्या की आपलं मन रोज कोणत्या गल्लीत शिरतं ते आपल्यालाच दिसायला लागतं. या पद्धतीला सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) म्हणतात, साधारण 6 ते 20 सेशन लागतात, पण सगळ्यांना हीच लागू पडते असं नाही.

कोणाला कळणार तर नाही ना?

नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही गुप्ततेचा हक्क लिहिलेला आहे. 18 च्या वरच्या माणसाबद्दल आम्ही आईलाही सांगत नाही, नवऱ्यालाही नाही, फी त्यांनी भरली असली तरी नाही. "सुनेने आमच्याबद्दल काय सांगितलं" असे फोन येतात, त्यांना ती इथे येते की नाही हेही कळत नाही. बर्डीच्या बाजारात किंवा कोणाच्या रिसेप्शनमध्ये समोरासमोर आलो तर आम्ही आधी ओळख दाखवणार नाही, तो शिष्टपणा समजू नका, तुम्ही हसलात तर आम्हीही हसू. दोन सेशनच्या मध्ये पंधरा मिनिटं मोकळी ठेवतो म्हणजे जिन्यात गाठ पडत नाही, आणि तरी कोणी दिसलंच तर याच जिन्यावर दातांचे डॉक्टर आहेत, तेवढं कारण पुरतं.

अपवाद तीनच. कोणाच्या जिवाला धोका असेल, लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं (2012 च्या पोक्सो कायद्याने ते कळवावंच लागतं), किंवा कोर्टाचा आदेश आला. अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची सही लागते, पण मूल काय बोललं याचा रिपोर्ट दर आठवड्याला मिळणार नाही, हे पालकांनी आधीच मान्य करायचं.

पैसे वगैरे

50 मिनिटांचे 1,000 रुपये, सुरुवातीला आठवड्यातून एकदा. पावती मिळते, पण असलं काउन्सेलिंग मेडिक्लेममध्ये बहुतेक बसत नाही, पॉलिसी बघून घ्या. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळवलं तर कॅन्सलचे पैसे नाही, नंतर अर्धे. परवडत नसेल तर लाजू नका, सांगा, दर महिन्याला काही जागा कमी फीच्या ठेवलेल्या असतात. त्याही भरल्या असतील तर मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी हॉस्पिटलांत मानसोपचार विभाग आहे, आम्ही स्वतः लोकांना तिथे पाठवतो.

आमचा फोन रात्री बंद असतो. रात्री फारच वाईट वाटलं तर टेली-मानस, 14416, सरकारी आहे, फुकट आहे, 24 तास, मराठीत बोलता येतं. जिवावरच बेतलं असेल तर 112, नाहीतर सरळ जवळचं हॉस्पिटल.

तीन-चार सेशननंतर आमच्याशी सूर जुळून नाही राहिला असं वाटलं तर तसं सांगा, आम्हाला वाईट वाटत नाही (बरं, थोडं वाटतं), दुसरं नाव सुचवू. फक्त न सांगता गायब होऊ नका.

अपॉइंटमेंटचा फोन काकू उचलतात. त्या त्रास काय ते विचारणार नाहीत, नाव आणि वेळ एवढंच विचारतील. मे महिन्यात दुपारी दोनचा स्लॉट जवळपास रिकामाच असतो, उन्हात निघायची तयारी असेल तर तो लगेच मिळेल, कूलर चालू असतो आणि माठातलं पाणी आहे.