तीन टिकांची अफवा

‘दोन निळ्या आणि एक लाल टिक दिसली, की समजा सरकार तुमच्यावर कारवाई करू शकतं.’ व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षे फिरणारा हा फॉरवर्ड साफ खोटा आहे. तिसरी टिक मुळात नाहीच. एक राखाडी म्हणजे मेसेज गेला, दोन म्हणजे पोचला, निळ्या झाल्या म्हणजे वाचला. (आणि पाळत ठेवणारा लाल खूण करून वर्दी कशाला देईल?)

२०१६ पासून इथला मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनवरच कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवर उघडतो. मधल्या सर्व्हरला मजकूर वाचता येत नाही. म्हणून सगळंच गुप्त राहतं, असंही नाही. तुमचा नंबर आणि वापराची बरीच माहिती कंपनीकडे असते. समोरच्याने रिपोर्ट केलं, तर त्या चॅटमधले शेवटचे काही मेसेजही तिच्याकडे जातात.

मोठी फट मात्र आपल्याच सोयीची. फोन बदलल्यावर जुन्या गप्पा परत मिळाव्यात म्हणून गूगल ड्राइव्हवर ठेवलेल्या बॅकअपला हे कुलूप आपोआप लागत नाही. तो पर्याय २०२१ मध्ये आला, पण सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू करावा लागतो. त्यात पासवर्ड ठेवलात आणि फोन हरवल्यावर तोही आठवला नाही, तर बॅकअप गेला. कंपनीही तो उघडून देऊ शकत नाही.