फोल्डरवरचा छोटा बाण

तालुक्याच्या ठिकाणी झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचे दुकान चालवणाऱ्यांना एक तक्रार पाठ झालेली असते. पेन ड्राइव्हमध्ये सातबारा, आधारची प्रत, पासबुकाचा फोटो असे सगळे होते. आता प्रत्येक फोल्डरच्या चिन्हावर छोटा बाण दिसतो आणि आकार जेमतेम एक-दोन केबी दाखवतो. दारव्हा असो की मंगरूळपीर, पीक विम्याची मुदत संपत आली की दुकानातल्या एकाच संगणकाला दिवसभर गावोगावचे पेन ड्राइव्ह लागतात, आणि लोक ज्याला ‘शॉर्टकट व्हायरस’ म्हणतात त्याला पसरायला याहून सोयीची जागा नाही.

फायली पुसल्या गेलेल्या नसतात. हा प्रोग्राम मूळ फोल्डरांना ‘लपवलेले’ आणि ‘सिस्टिमचे’ असे दोन गुणधर्म लावतो, त्यामुळे विंडोज ते दाखवत नाही, आणि त्यांच्या जागी त्याच नावांचे शॉर्टकट, म्हणजे दुसरीकडची गोष्ट उघडणाऱ्या छोट्या फायली, तयार करून ठेवतो. शॉर्टकटवर क्लिक केले की आधी पेन ड्राइव्हमध्ये दडवलेली स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची छोटी फाइल, चालते आणि लगेच मूळ फोल्डरही उघडतो, म्हणून वापरणाऱ्याला काही बिघडल्याची शंका येत नाही. तेवढ्या वेळात स्क्रिप्टने स्वतःची प्रत संगणकात ठेवलेली असते आणि संगणक सुरू होताना आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामांच्या यादीत स्वतःची नोंदही केलेली असते. त्यानंतर लागणारा प्रत्येक पेन ड्राइव्ह बाधित होतो. पेन ड्राइव्ह फॉरमॅट करून देण्याचा सर्रास चालणारा उपाय मला म्हणूनच चुकीचा वाटतो, कारण त्यात शाबूत असलेली कागदपत्रे जातात आणि संसर्ग संगणकात तसाच राहतो. आधी संगणक साफ करावा, मग पेन ड्राइव्ह अँटिव्हायरसने तपासावा, आणि शेवटी विंडोजमधील ‘ॲट्रिब’ या आज्ञेने ते दोन गुणधर्म काढून टाकावेत. फोल्डर जागच्या जागी दिसू लागतात.

हातोहात पसरण्याची ही रीत जुनी आहे. फ्रेड कोहेन यांनी स्वतःच्या प्रती काढणाऱ्या प्रोग्रामचा प्रयोग अमेरिकेत 1983 मध्ये करून दाखवला, आणि 1986 मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा व्हायरस फ्लॉपीवरून देशोदेशी पोहोचला. फ्लॉपीच्या ज्या भागातून संगणक सुरू होतो तिथेच तो बसत असे. गंमत म्हणजे लेखकांनी त्यात स्वतःचे नाव-पत्ता आणि फोन नंबरही दिला होता. व्हायरस असा दुसऱ्या प्रोग्रामला चिकटून राहतो, तर ‘वर्म’ला कोणाला चिकटण्याची गरज नसते; नेटवर्कमधली एखादी फट सापडली की पुष्कळदा कोणी क्लिक न करताही तो पुढच्या संगणकात शिरतो.

12 मे 2017 रोजी पसरू लागलेल्या ‘वॉनाक्राय’ने हेच केले. दीडशेच्या आसपास देशांतल्या संगणकांतील फायली त्याने सांकेतिक रूपात बंद केल्या आणि त्या उघडून देण्यासाठी बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली. विंडोजमधली ज्या फटीतून तो शिरत होता ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच, म्हणजे जवळपास दोन महिने आधी, दिलेला होता. आपल्याकडे अपडेट बंद ठेवण्याची कारणे आळसापलीकडची आहेत: मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालणारे इंटरनेट, अर्ध्यावर जाणारी वीज आणि कोणीतरी टाकून दिलेली बिनपरवान्याची विंडोज. हे तिसरे कारण सर्वांत वाईट, कारण अशी विंडोज चालू करणारी फुकट साधने आधी सुरक्षा बंद करायला सांगतात आणि बंद केलेल्या सुरक्षेतून काय आत आले हे पाहणारे मग कोणी उरत नाही.

गावात आता पेन ड्राइव्हपेक्षा मोठा धोका व्हॉट्सॲपवरून येतो. ‘पीएम किसान’, ‘वाहनाचा दंड’ किंवा बँकेच्या नावाने एपीके फाइल येते, आणि तीही बरेचदा ओळखीच्याच नंबरवरून, कारण त्या माणसाचा फोन आधीच भामट्यांच्या हाती गेलेला असतो. एपीके म्हणजे प्ले स्टोअरची तपासणी टाळून थेट बसवता येणारे ॲप. उघडले की योजनेचे बोधचिन्ह आणि आधार क्रमांकाचा रकाना दिसतो. गुलाबी बोंडअळीने आतून पोखरलेले बोंडही बाहेरून असेच धड दिसते. या प्रकाराला ‘ट्रोजन’ म्हणतात. त्याला कोणतीही फट लागत नाही, कारण दार वापरणारा स्वतः उघडतो. अनोळखी ठिकाणचे ॲप बसवू द्यावे का, एसएमएस वाचू द्यावे का, असे प्रश्न फोन विचारतो आणि हप्ता अडकेल या धास्तीने आपण ‘अनुमती द्या’ दाबत जातो. एकदा एसएमएसची परवानगी मिळाली की बँकेचा ओटीपी फोनमालकाने पाहण्याआधीच भामट्याकडे पोहोचतो. ‘ॲक्सेसिबिलिटी’ ही दृष्टिहीनांसारख्या वापरकर्त्यांसाठी केलेली सोय त्याहून घातक ठरते, कारण ती मिळालेले ॲप पडद्यावरचा मजकूर वाचू शकते आणि आपल्या वतीने बटणेही दाबू शकते.

असे ॲप बसलेच तर प्रथम फोनचे इंटरनेट बंद करावे आणि दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला व 1930 या सायबर मदत क्रमांकाला कळवावे. पैसे पुढच्या खात्यांतून काढले जाण्याआधी तक्रार पोहोचली तर ती रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. ॲप काढून टाकण्याचे बटण चालत नसेल, तर सेटिंगमध्ये जाऊन त्याला दिलेले ‘डिव्हाइस ॲडमिन’ आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’ हे अधिकार आधी काढून घ्यावे लागतात. पासवर्ड आणि यूपीआय पिन मात्र त्या फोनवरून बदलू नयेत. आणि आपल्या नंबरवरून तीच फाइल गावाच्या ग्रुपवर गेली आहे का, हे त्याच दिवशी कोणाकडून तरी पाहून घ्यावे.