डूममधली दारं वरच का उघडतात?

गर्भचाचणीच्या उपकरणावर ‘डूम’ हा गोळीबाराचा व्हिडिओ गेम चालवल्याची बातमी 2020 मध्ये भलतीच गाजली. प्रत्यक्षात त्या उपकरणाचा पडदा आणि प्रोसेसर दोन्ही काढून नवे बसवले होते. मूळचं उरलं होतं ते फक्त कवच! अशा करामतींमुळे डूम म्हणजे फार हलका खेळ, असा समज झालाय. पण 10 डिसेंबर 1993 ला तो आला, तेव्हा त्याने 386 प्रोसेसरच्या संगणकांना घाम फोडला होता. तरीही तो चालला, आणि त्याचं श्रेय बरंचसं एका गणिती युक्तीला जातं.

डूम बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअर कंपनीच्या आधीच्या ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’त (1992) सगळ्या भिंती एकाच उंचीच्या आणि काटकोनात होत्या. डूममध्ये तिरक्या भिंती, जिने, खोल खड्डे आले. मग प्रश्न उभा राहिला: खेळाडूच्या नजरेला कोणती भिंत आधी, कोणती मागे? दर वेळी सगळ्या भिंतींची तुलना करत बसलं, तर चित्र अडखळणारच.

कंपनीचा प्रोग्रामर जॉन कार्मॅक याने इथे बायनरी स्पेस पार्टिशनिंग, म्हणजे जागा दोन-दोन भागांत कापत जाण्याची पद्धत वापरली. ती फुक्स, केडेम आणि नेलर या संशोधकांनी 1980 मध्ये मांडली होती. नकाशा वरून पाहा. एका भिंतीची रेषा दोन्हीकडे वाढवा. नकाशाचे दोन भाग झाले. प्रत्येक भागात पुन्हा तेच. मध्ये आलेली भिंत सरळ कापायची. शेवटी असे तुकडे उरतात, की त्यांतली कोणतीच भिंत दुसरीला झाकू शकत नाही. या विभागणीचा वृक्ष (कोणत्या रेषेने कोणते दोन भाग झाले, याची फांद्यांसारखी नोंद) खेळ विकण्याआधीच तयार करून ठेवलेला असतो.

खेळताना काम उरतं ते शाळेतलं: रेषेच्या समीकरणात खेळाडूचे निर्देशक घाला, चिन्ह बघा. धन आलं तर खेळाडू एका बाजूला, ऋण आलं तर दुसऱ्या. तो ज्या बाजूला आहे ती आधी काढायची, पलीकडची नंतर. असं वृक्षात उतरत गेलं की भिंती आपोआप जवळून दूर अशा क्रमाने मिळतात. पडद्यावर 320 उभे स्तंभ. सलग भिंतीने भरलेल्या स्तंभाला पुन्हा हात लावायचा नाही. सगळे भरले की थांबायचं, मागे कितीही दालनं असोत. (खिडकीसारख्या अर्धवट भिंतींसाठी प्रत्येक स्तंभ वरून किती आणि खालून किती भरला, याची वेगळी नोंद असते.)

आता दारांचं कोडं सुटतं. वृक्षाला उंची ठाऊकच नाही. त्यामुळे छत उचलून दार उघडा, जमीन वर नेऊन लिफ्ट करा, विभागणी तशीच राहते. भिंत आडवी सरकवली, तर मात्र वृक्षच चुकतो. एका खोलीवर दुसरी खोली नसण्याचं कारणही हेच: वरून पाहिलेल्या नकाशात एका जागी एकच जमीन आणि एकच छत मावतं.

रक्तपाताबद्दलची ओरड जुनीच. डूम येण्याच्या आदल्याच दिवशी अमेरिकी सिनेटमध्ये हिंसक व्हिडिओ गेमवर सुनावणी झाली होती. खेळामुळे मुलं खुनी होतात, हे सिद्ध झाल्यासारखंच बोललं जातं. पण 2011 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने समोर आलेले अभ्यास तपासून, त्यांतून असा कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, असंच म्हटलं.

1996 च्या ‘क्वेक’मध्ये रेषांऐवजी प्रतलांनी अवकाश कापलं गेलं. खोल्यांवर खोल्या चढल्या. दारांना स्वतःचा वेगळा छोटा वृक्ष मिळाला, आणि ती बाजूलाही सरकू लागली.